सोबतीची वर्षे

घरात कुत्रा पाळावयाचा असा विचार एखाद्या कुटुंबात सुरू झाला की पहिला प्रश्न हमखास जातीचा निघतो. आल्सेशियन आणावा की लॅब्रॅडॉर? पांढरा बरा की तपकिरी? किंमत किती पडेल? शेजाऱ्यांकडे आहे तसाच हवा, असा मुलांचा हट्ट असतो. वडीलधाऱ्यांना राखण करणारा हवा असतो. गृहिणीला केस न गळणारा हवा असतो. या साऱ्या प्रश्नांत गैर काही नाही. परंतु आमच्या वसईतल्या घरात गेल्या साठ-पासष्ट वर्षांत एकामागून एक चार कुत्री नांदली आणि आता पाचवा ओट्यावर पाय पसरून बसलेला आहे, त्यांच्या सहवासात मला एक निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला आहे. तो प्रश्न वर्षांचा आहे.

कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते चौदा वर्षांचे. थोराड बांध्याची कुत्री लवकर म्हातारी होतात, लहान चणीची अधिक जगतात. दोन महिन्यांचे पिल्लू ज्या दिवशी आपण उंबरठ्याच्या आत घेतो, त्या दिवशी पुढली एवढी वर्षे आपण त्याच्या नावे लिहून देतो. त्या वर्षांत मुले शाळेतून कॉलेजात जातात, कुणाचे लग्न होते, कुणी परदेशी जातो, कुणी जग सोडून जातो. हे सारे घडत असताना त्या मुक्या जिवाला दोन वेळचे अन्न, पाणी आणि आपला थोडा वेळ लागतच असतो. म्हणून कुत्र्याची निवड ही एका दिवसाची गोष्ट दिसली तरी प्रत्यक्षात ती आपल्या आयुष्याच्या एका मोठ्या तुकड्याची निवड असते.

आमचा पहिला कुत्रा मोती. १९६० च्या सुमारास तो घरी आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. शेजारच्या वाडीत पेंढ्याच्या ढिगाखाली एक कुत्री व्याली होती. आजोबा तेथे जाऊन पिल्ले पाहून आले. त्या काळी पिल्लू पारखण्याच्या काही रीती होत्या. सामान्यतः कुत्र्याच्या पुढल्या पायांना पाच-पाच आणि मागल्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. एखाद्याच्या मागल्या पायांनाही पाचवे नख असते. असे वीसनखी पिल्लू शूर निघते असा जुन्या लोकांचा समज होता. आजोबांनी मोतीचे पंजे उलटेपालटे करून मोजले. नखे अठराच भरली. तरी त्यांनी त्यालाच उचलले. का, असे आजीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाकीची पळाली. हा माझ्या पायाशी येऊन बसला."

मोतीला घरात प्रवेश नव्हता. त्याची हद्द अंगणापर्यंत. रात्री केळीच्या बागेत कोल्हेकुई ऐकू आली की तो काळोखात धावत सुटे आणि थोड्या वेळाने धापा टाकीत परते. भाताची पेज, माशांची डोकी, उरलीसुरली भाकरी हे त्याचे खाणे. आजोबांनी त्याला कुणादेखत कधी कुरवाळल्याचे मला आठवत नाही. मात्र जेवण आटोपताना ताटातला शेवटचा घास ते राखून ठेवीत आणि हात धुण्याच्या निमित्ताने मागल्या दारी जात. आजीला हे ठाऊक होते. ती त्यांना मुद्दाम एक पळी भात अधिक वाढी. दोघांनीही या विषयावर एक शब्द काढल्याचे आम्ही ऐकले नाही.

त्या पिढीचे कुत्र्यांशी असलेले नाते थोडे हातचे राखून असे आणि त्याला कारणही होते. पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत फार मोठी होती. लुई पाश्चरने १८८५ साली एका लहान मुलाला अलर्करोगाची लस टोचून त्याचा जीव वाचविला. पुढे डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास तयार केलेली लस आपल्या देशात अनेक दशके वापरली गेली. ती पोटात टोचीत. 'चौदा इंजेक्शने' हे दोन शब्द उच्चारले की आमच्या लहानपणी मुले चिडीचूप होत. ती जुनी लस आपल्याकडे २००४ साली बंद झाली. आता दंडात टोचावयाची सुरक्षित लस मिळते. तरीही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा, हे प्रत्येक घरात पाठ असावयास हवे. कारण हा रोग एकदा उमटला की त्यातून माणूस सहसा वाचत नाही. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली आणि नंतर वेळेवर पुढली लस देणे हे म्हणूनच शेजाऱ्यांविषयीचे कर्तव्यही ठरते.

मोती एका पावसाळ्यात गेला. आजोबांनी भरपावसात वाडीतल्या जांभळीखाली स्वतः खड्डा खणला. त्या रात्री ते जेवावयास बसले नाहीत. आजीनेही आग्रह केला नाही.

दुसरा कुत्रा टायगर. त्याची कथा सांगावयाची तर माझ्या वडिलांची कथा सांगितली पाहिजे. बाबा मुंबईच्या एका कापडगिरणीत होते. पहाटेची लोकल पकडून जाणे आणि रात्री परतणे, यात त्यांची तीस वर्षे गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला, गिरण्यांची धुरांडी थंडच राहिली आणि चोपन्नाव्या वर्षी बाबा घरी बसले. वाडी होती, त्यामुळे चुलीला काही तोटा पडला नाही. परंतु बाबांचे बोलणे थांबले. दिवस दिवस ते पडवीत खुर्ची टाकून बसत. कुणी भेटावयास आले तर आत जाऊन निजत. आई रात्री जपमाळ हाती घेऊन त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना करी.

१९८३ साली मोठे काका एके दिवशी टोपलीत एक पिल्लू घेऊन आले. वांद्र्याच्या त्यांच्या परिचितांकडे आल्सेशियन कुत्री व्याली होती. या जातीचे खरे नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाल्यामुळे त्यांनी तिला आल्सेशियन म्हणावयास सुरुवात केली आणि तेच नाव आपल्याकडेही रुजले. ही मूळची मेंढ्या राखणारी जात. हिला नुसते बसून राहणे मानवत नाही. दोन वेळा भरपूर चालावयास नेले नाही, काही काम दिले नाही, तर ती चिडखोर होते, दारे-खुर्च्या कुरतडते. काकांनी पिल्लू बाबांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "दादा, याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवावे लागते. मला वेळ नाही. तू सांभाळ." एवढे बोलून ते चहाही न घेता निघून गेले.

पहिल्या आठवड्यात आई त्याला दूध घालीत असे. दुसऱ्या आठवड्यात पिल्लाने बाबांची एक चप्पल फाडली. तेव्हा बाबा कित्येक महिन्यांनी मोठ्याने ओरडले. आई स्वयंपाकघरात उभी राहून ते ओरडणे ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होते. पुढे टायगरच्या गळ्यात पट्टा बांधून बाबा पहाटे निघू लागले. वाडीच्या पायवाटेने, बावखलाच्या कडेने, सुरूंच्या बनातून थेट समुद्रापर्यंत. वाटेत माणसे भेटत, कुत्र्याची चौकशी करीत आणि कुत्र्याच्या चौकशीला उत्तर देता देता बाबा माणसांशी बोलू लागले. वर्षभरात त्यांनी केळीची नवी लागवड केली. टायगर दहा वर्षे जगला. ती दहा वर्षे बाबांची पुन्हा उभे राहण्याची वर्षे होती.

काकांनी त्या दिवशी किती विचारपूर्वक निवड केली होती, हे मला फार उशिरा उमगले. बाबांना त्यांनी रोजचे एक काम आणून दिले होते आणि ते काम टाळता येण्याजोगे नव्हते. एखादे लहान, शांत, मांडीवर निजणारे कुत्रे त्यांनी आणले असते, तर बाबा कदाचित त्यालाही शेजारी घेऊन पडवीतच बसून राहिले असते. घराला काय हवे आहे आणि घर काय देऊ शकते, या दोन्हींचा मेळ घालणे म्हणजेच कुत्र्याची निवड.

निवडीच्या बाबतीत लोक बहुधा फसतात ते हौसेमुळे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याने घराघरांतल्या मुलांना वेड लावले. त्याला सारे पॉमेरियन म्हणत. वास्तविक ती आपल्याकडे रुळलेली स्पिट्झ जात आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत बसक्या नाकाचा पग झळकला आणि त्याची मागणी वाढली. पगचे तोंड दिसावयास गोजिरे, पण त्या चपट्या नाकातून त्याला धड श्वास घेता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याने कोकणपट्टीचा मे महिना कसा काढावा? बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा हस्की आपल्या दमट हवेत आणून त्याच्यासाठी दिवसभर वातानुकूलन यंत्र चालवणारी घरेही आता दिसतात. हौस आपली आणि भोग त्याचे, असा हा प्रकार होतो.

आपल्या मातीतली कुत्री मात्र आपल्याच डोळ्यांना दिसत नाहीत. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंड, रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयातला मेंढपाळी कुत्रा अशा चार देशी जातींची तिकिटे काढली होती. मुधोळ तर आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले. सडपातळ, लांब पायांचा हा शिकारी कुत्रा दख्खनच्या माळरानावर वाऱ्यासारखा धावतो. आणि ज्याला आपण 'गावठी' म्हणून हिणवतो, तो आखूड केसांचा, चपळ, मिळेल त्यावर गुजराण करणारा कुत्रा तर या हवापाण्यात शेकडो पिढ्या तावून-सुलाखून निघालेला असतो.

१९९६ साली माझ्या आठ वर्षांच्या मुलीने अशाच एका पांढऱ्या स्पिट्झचा हट्ट धरला तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको तीन वेळा त्या घरी गेलो. एका अनुभवी पशुवैद्यांनी आम्हांला काही गोष्टी सांगितल्या होत्या, त्या आजही उपयोगी पडतील अशा आहेत. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये; भावंडांशी खेळताना चावा किती जोराचा घ्यावा याची मर्यादा ते शिकते. आई शांत आहे की अंगावर येणारी, हे पाहावे. पिल्लाचे डोळे स्वच्छ असावेत, पोट फुगलेले नसावे. फुगलेले पोट बहुधा जंतांचे लक्षण. जरा दूर उभे राहून टाळी वाजवावी. दचकणे स्वाभाविक आहे. पण दचकून पुन्हा कुतूहलाने पुढे येते ते पिल्लू मनाने निरोगी असते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाची घडण करणारा असतो. त्या काळात ज्याला माणसांचा हात, आवाज आणि वास परिचयाचा होतो, ते पुढे माणसांना भीत नाही.

ती आमची स्वीटी. तिला शिकवण्याचा नियम मुलीनेच घातला. घरातल्या सर्वांनी एकाच गोष्टीसाठी एकच शब्द वापरावयाचा. आजीने 'बस' म्हणावयाचे, भावाने 'सिट' म्हणावयाचे, असे चालणार नाही. चांगले वागली की लगेच बक्षीस, चुकली तर मारावयाचे नाही. नाताळात तिच्यावर पाळत ठेवावी लागे. चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषासारख्या असतात आणि आपल्या केकमध्ये तर मनुका ठासून भरलेल्या. फटाके वाजू लागले की ती मुलीच्या पलंगाखाली शिरे. मग मुलगीही नव्या झग्यानिशी तिच्या शेजारी खाली जाऊन पडे. त्या दोघींना तिथून बाहेर काढण्यासाठी आईला दर नाताळी सुकेळी घेऊन वाकावे लागे.

जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की, कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. माता आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्यातही तेच द्रव्य काम करीत असते. ही बातमी वाचून माझी पत्नी म्हणाली, "हे कळायला त्यांना प्रयोगशाळा कशाला लागली?"

स्वीटी तेरा वर्षांची झाली. शेवटच्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ती वासावरून आणि पावलांच्या अंदाजाने घरभर फिरे. म्हणून आम्ही त्या दोन वर्षांत घरातली एकही खुर्ची जागची हलवली नाही. २००९ साली तिची मूत्रपिंडे निकामी झाली. ती वेदनेने रात्रभर कण्हू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला शांतपणे निरोप देण्याचा सल्ला दिला. घरात दोन मते पडली. आयुष्य देवाने दिले, ते संपवण्याचा निर्णय आपण कसा घ्यावयाचा, असे आईचे म्हणणे होते. मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती वसतिगृहातून दोन दिवसांसाठी आली. रात्रभर स्वीटीजवळ बसली आणि सकाळी आजीला म्हणाली, "आजी, तिच्या दुखण्याला अर्थ कळत नाही गं. आपण दुःख अर्पण करू शकतो, ती करू शकत नाही." आईने काही उत्तर दिले नाही. ती उठली, देवघरातल्या क्रुसासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मग स्वतःची मऊ चादर काढून तिने स्वीटीला त्यात गुंडाळले. डॉक्टर आले तेव्हा ते डोके मुलीच्या मांडीवर आणि पाय आईच्या हातात होते. दोन वर्षांनी मुलगी परिचारिका म्हणून परदेशी गेली. अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची सेवा हे तिने स्वतःहून मागून घेतलेले काम आहे.

कुत्र्यांवर एवढा जीव लावावा का, असा प्रश्न आपल्या समाजात विचारला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बायबलमध्ये कुत्र्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी तुच्छतेने येतो. परंतु तोबीतच्या पुस्तकात एक सुंदर अपवाद आहे. तरुण तोबिया देवदूत राफाएलसोबत दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्यांच्या मागोमाग घरचा कुत्राही निघतो; आणि ते परत येतात तेव्हाही तो मागे असतोच. त्या साऱ्या कथेत तो काही करीत नाही. शत्रूशी लढत नाही, चमत्कार घडवीत नाही. तो फक्त सोबत जातो आणि सोबत येतो. आपल्याच देशातल्या महाभारतात स्वर्गाच्या दाराशी उभा राहिलेला युधिष्ठिर बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देतो. दूरदूरच्या या दोन परंपरांना प्रवासातला हा मुका सोबती नोंद घेण्याजोगा वाटला, हे मला लक्षणीय वाटते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात या विषयाचे दोन्ही पदर एकत्र ठेवलेले आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती असल्यामुळे माणसाने त्यांच्याशी दयेने वागणे हे कर्तव्य आहे. मात्र गरजू माणसांच्या वाट्याचा पैसा प्राण्यांवर उधळणे आणि माणसांना द्यावयाची माया त्यांच्याकडे वळवणे योग्य नाही. मला हा तोल पटतो. ज्या घरात कुत्र्याला आयात केलेला खाऊ आणि म्हाताऱ्या आईला बोलावयाला माणूस नाही, तेथे काहीतरी बिघडलेले आहे. उलट, आमच्या घरात कुत्र्यांनी माणसांची माया कधी पळवली नाही; अडलेली माया त्यांनी वाहती केली, हे मी बाबांच्या आणि आईच्या बाबतीत पाहिले आहे.

चौथा काळू. २०१० च्या पावसाळ्यात तो रस्त्यावरून आमच्या मुलाच्या मागोमाग घरी आला. मोतीसारखाच, कुणी न निवडलेला. पुढे मुलाने स्टेशनजवळच्या इमारतीत घर घेतले आणि २०१४ साली आम्ही सारेच तेथे राहावयास गेलो. वसईचे रूप तोवर पालटून गेले होते. वाड्यांच्या जागी इमारती आणि अंगणांच्या जागी जिने आले होते. सोसायटीत काळूवरून वाद निघाला. इमारतीत कुत्रा नको, असा ठराव मांडण्याची तयारी झाली. सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. मुलगा ते परिपत्रक घेऊन सभेत जावयास निघाला. माझी पत्नी त्याला म्हणाली, "कागद खिशात असू दे. आधी कोण घाबरतं ते विचार."

दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी घाबरत होत्या. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि ती चौदा इंजेक्शने त्यांनी सोसली होती. मुलाने त्यांच्या मिस्साला जाण्याच्या आणि बाजाराच्या वेळा विचारून घेतल्या व काळूच्या वेळा बदलल्या. जिन्यात त्याला कधी मोकळे सोडले नाही. लसीचे प्रमाणपत्र सूचनाफलकावर लावले. घाण झाली तर स्वतः उचलली. ठराव मांडला गेलाच नाही. तीन वर्षांनी त्या आजी काळूला दुरून नावाने हाक मारू लागल्या. जवळ त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. भीतीचाही मान राखावा लागतो.

२०२१ साली आम्ही दोघे वाडीतल्या जुन्या घरी परतलो, काळूलाही घेऊन. २०२३ साली तो गेला. जांभळीखाली आता चौघे आहेत. तेथे खूण म्हणून काही ठेवलेले नाही. कोण कुठे आहे हे मला ठाऊक आहे, एवढे पुरे.

काळू गेला तेव्हा मी सत्तर वर्षांचा होतो आणि पत्नी सदुसष्ट. घर फार शांत झाले. नातवंडांनी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणण्याचा लकडा लावला. मुलगी दूरध्वनीवरून म्हणाली, "पप्पा, तुम्ही आणाच. तुम्हांला चालणं होईल." तेव्हा तो वर्षांचा प्रश्न प्रथमच कठोर होऊन समोर उभा राहिला. सत्तर अधिक चौदा म्हणजे चौऱ्याऐंशी. दोन महिन्यांच्या त्या जिवाला मी कोणती वर्षे लिहून देणार होतो? जी माझ्या हाती आहेत याची खात्री नाही, तीच ना? वाढत्या वयाच्या लॅब्रॅडॉरला पट्ट्याने आवरण्याइतके बळ मनगटात राहील काय? आम्ही दोघांनी पुष्कळ रात्री यावर बोलण्यात घालवल्या. एकदा पत्नी म्हणाली, "आपण पिल्लूच का शोधतोय? आपल्यासारखाच कुणी म्हातारपणाकडे निघालेला असेल तर?"

असे कुत्रे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आपल्या गावांतून कुटुंबे परदेशी जातात, घरांना कुलपे लागतात आणि मागे राहिलेले कुत्रे बंद फाटकाशी बसून असतात. पाळलेले जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने अपराध आहे. पण त्या फाटकाशी बसलेल्याला कायदा कुठला माहीत असणार? जवळच्या गावातले एक कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले होते. त्यांना आपला आठ वर्षांचा ब्रूनो सोबत नेणे परवडण्यासारखे नव्हते आणि टाकून जाणेही मनाला पटत नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये ते त्याला आमच्याकडे घेऊन आले. त्याच्यासोबत त्याची चटई, त्याचे भांडे आणि त्याला कळणाऱ्या शब्दांची एक यादी होती. ती यादी त्या घरच्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. ती माझ्या हाती देताना त्यांना रडू आवरले नाही.

मोठ्या वयाच्या कुत्र्याशी नाते जोडणे हे पिल्लाशी खेळण्याइतके सोपे नसते. तो दुसऱ्या घराची वर्षे अंगावर घेऊन आलेला असतो. पहिले अकरा दिवस ब्रूनो फाटकाशी बसून होता. भुईला नाक टेकून प्रत्येक रिक्षाचा आवाज ऐके. अन्नाला तोंड लावी तेही रात्री, कुणी पाहत नसताना. आम्ही त्याला ओढून आत आणले नाही. ठरलेल्या वेळी अन्न ठेवावयाचे, यादीतलेच शब्द वापरावयाचे आणि थोड्या अंतरावर खुर्ची टाकून बसावयाचे, एवढेच केले. मी तेथे बसून वर्तमानपत्र वाचीत असे. पत्नी तांदूळ निवडीत असे. बाराव्या दिवशी संध्याकाळी चर्चची घंटा झाली. त्याने मान वर करून लांब सूर काढला. माझी पत्नी प्रार्थनेसाठी उठून उभी राहिली, तसा तोही उठला आणि तिच्या मागोमाग ओट्यापर्यंत आला.

त्याला घरी आणण्याआधी आम्ही मुलाला आणि सुनेला जवळ बसवून एक गोष्ट स्पष्ट विचारली होती. आमच्यामागे याचे कोण करील? सून म्हणाली, "बाबा, ही काय विचारायची गोष्ट आहे?" मी म्हणालो, "विचारायचीच आहे." मग तिने थांबून, विचार करून उत्तर दिले, "मी करीन." उतारवयात कुत्रा घेऊ इच्छिणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी एवढेच सांगेन की, हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर नीट ऐका. मगच पट्टा विकत घ्या.

ब्रूनो आता दहाच्या घरात आहे. त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत आणि माझ्या मिशाही. टायगर आणि बाबा ज्या पायवाटेने समुद्रावर जात, तिचा बराच भाग आता डांबरी झाला आहे. तरी सुरूंचे बन अजून आहे. आम्ही पहाटे निघतो. पूर्वी अर्ध्या तासात गाठता येणाऱ्या किनाऱ्याला आता पाऊण तास लागतो. मध्ये एका दगडावर मी टेकतो, तेव्हा तो बसत नाही. पट्टा सैल ठेवून उभा राहतो आणि मी उठेपर्यंत समुद्राच्या दिशेने पाहत असतो.